मुलांची पुस्तके निवडणार कोण?

मराठीत बालसाहित्यासाठी पुरस्कार नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचा स्वतंत्र विभाग आहे; साने गुरुजी, बालकवी, भा. रा. भागवत ह्यांच्या नावांनी ते पुरस्कार दिले जातात. साहित्य अकादेमीने २०१० साली बालसाहित्य पुरस्कार सुरू केला. पहिल्या वर्षी मराठीत तो अनिल अवचट ह्यांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ ह्या पुस्तकाला आणि दुसऱ्या वर्षी दिलीप प्रभावळकर ह्यांच्या ‘बोक्या सातबंडे’ला मिळाला. टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमाने २०१६ मध्ये बिग लिटल बुक पुरस्कार सुरू केला, तेव्हा लेखकाच्या पुरस्कारासाठी पहिली भाषा म्हणून मराठीच निवडली गेली आणि तो मान माधुरी पुरंदरे ह्यांना मिळाला. ह्या लेखकांच्या योग्यतेविषयी माझी तक्रार नाही. माझा प्रश्न निवडीच्या प्रक्रियेविषयी आहे. पुस्तक ज्याच्यासाठी लिहिले त्या मुलाला, त्याला शिकवणाऱ्या शिक्षकाला, वस्तीत कपाटभर पुस्तकांचे वाचनालय चालवणाऱ्या कार्यकर्त्याला ह्या निवडीत जागा कोठे आहे? आणि ती नसेल, तर ती निर्माण करण्याचा मार्ग कोणता?

पुरस्काराकडे आपण लेखकाचा सत्कार म्हणून पाहतो. शाल, श्रीफळ, धनादेश आणि छायाचित्र. परंतु पुरस्काराचे खरे कार्य सत्कारानंतर सुरू होते. पुरस्कारप्राप्त पुस्तक ग्रंथपालाच्या नजरेत भरते. शाळेसाठी खरेदी करणारा अधिकारी त्यावर निर्धास्तपणे खूण करतो. प्रकाशक दुसरी आवृत्ती काढतो. पाठ्यपुस्तकात त्यातला उतारा जाण्याची शक्यता वाढते. आणि नव्याने लिहिणारा लेखक ‘असे लिहिले म्हणजे चालते’ हा धडा त्यापासून घेतो. म्हणजे पुरस्कार ही अभिरुची घडवण्याची यंत्रणा आहे. अमेरिकेत १९२२ पासून दिले जाणारे न्यूबेरी पदक हे ह्याचे ठळक उदाहरण. त्या पदकाचा शिक्का मुखपृष्ठावर लागला की पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथालयांतून हलत नाही. तेव्हा पुरस्कार कोण देतो ह्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो : मुलाच्या हातात काय पडावे हे कोण ठरवतो?

मी बजाजनगरात राहतो आणि शिकवतो. १९८५ साली वाळूज येथे बजाजचा दुचाकींचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आगेमागे उभ्या राहिलेल्या औद्योगिक वसाहतीने वडगाव कोल्हाटी, रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर ह्या गावांचे रूपच पालटून टाकले. जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाणा येथून माणसे आली. कोणाची जमीन कोरडवाहू होती, कोणाला जमीनच नव्हती. पहिल्या फळीतल्या काहींना कायम नोकरी लागली, त्यांनी बजाजनगरात घरे बांधली. नंतर आलेल्यांच्या वाट्याला कंत्राटदाराचे कार्ड आणि पत्र्याची खोली आली. ह्या घरांतली मुले माझ्यापुढे बसतात. वडील रात्रपाळी करून झोपलेले असतात म्हणून मोठ्याने वाचायची सोय नसते. आई दुसऱ्याच्या घरी भांडी घासून आलेली असते. बहुतेक घरांत पुस्तक म्हणजे शाळेचे पुस्तक. आमच्या समाजाच्या घरांत त्याशिवाय बाबासाहेबांचे एखादे चरित्र आणि भीमगीतांची पुस्तिका असते. ह्या मुलांपुढे मी बालसाहित्याचे एखादे सुबक पुस्तक ठेवतो तेव्हा ती चित्रे आवडीने पाहतात. मग त्या चित्रांत गॅलरी असते, आजोबांची आरामखुर्ची असते, स्वयंपाकाला बाई असते. त्यांची आई त्या पुस्तकात असलीच तर ती ह्या शेवटच्या शब्दात असते : बाई.

हा दोष एकट्या लेखकाचा नाही. लेखक आपल्या अनुभवाच्या कक्षेत लिहितो. दोष असा की ज्यांच्या अनुभवाची कक्षा तीच आहे असेच परीक्षक बहुधा त्या लेखनाला मापतात, आणि मग एका वर्गाचे बालपण हेच ‘बालपण’ ठरते. उरलेल्यांचे बालपण ही सामाजिक समस्या ठरते.

येथे आपण आपल्याकडेही पाहिले पाहिजे. दलित साहित्याने बालपणाचे जेवढे चित्रण केले तेवढे मराठीत क्वचितच दुसऱ्या प्रवाहाने केले असेल. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले; लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० साली; शरणकुमार लिंबाळ्यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली; त्यानंतर बेबी कांबळे, लक्ष्मण गायकवाड, किशोर काळे, ऊर्मिला पवार. ह्या आत्मकथनांत भूक आहे, शाळेचा उंबरठा आहे, मास्तरची छडी आहे, आणि त्या सर्वांतून वाट काढणारे एक मूल आहे. परंतु ते मूल सांगत आहे प्रौढ वाचकाला. आमच्या साहित्यात बालपण भरपूर आहे, बालवाचक मात्र फार थोडा आहे. दहा वर्षांच्या मुलीच्या हाती ‘बलुतं’ देता येत नाही. तिला काय द्यायचे? सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपली माणसे रांगा लावून पुस्तके विकत घेतात. पुस्तकावर इतके प्रेम करणारा समाज ह्या देशात विरळा. तरीही त्या गाळ्यांवर मुलांसाठी शोधू लागलो तर चरित्रपर पुस्तिकांच्या पलीकडे हाताला फारसे लागत नाही.

आणि हे त्या परंपरेत घडावे, जिच्या आरंभीच एक शाळकरी मुलगी उभी आहे! महात्मा फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती असे सांगतात. तिच्याविषयी आणखी एक आठवण सांगितली जाते : बक्षीस म्हणून खाऊ देऊ केला तेव्हा तिने खाऊऐवजी ग्रंथालय मागितले. ही आठवण जिने जपली त्या लोकस्मृतीला बक्षिसाचा अर्थ नीट कळला होता असे मला वाटते. मुलाला द्यायचे बक्षीस म्हणजे वाचायला मिळणे. ह्याच अर्थाने पुरस्काराची रचना करता येईल काय, हा ह्या लेखाचा विषय आहे.

ह्या बाबतीत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी काय केले ते पाहणे उद्बोधक ठरेल. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखडे ह्यांनी अमेरिकेत शिकून आल्यावर निग्रो साहित्याची ओळख करून दिली. १९७२ साली दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. त्यांची कविता आपण वाचली. त्यांच्या मुलांच्या पुस्तकांची लढाई मात्र आपल्याकडे फारशी चर्चिली गेली नाही.

१९६५ साली नॅन्सी लॅरिक ह्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी एक साधी मोजणी प्रसिद्ध केली. १९६२ ते १९६४ ह्या तीन वर्षांत निघालेली मुलांची ५,२०६ पुस्तके त्यांनी विचारात घेतली. त्यांपैकी केवळ ३४९ पुस्तकांत, म्हणजे शेकडा ६.७ पुस्तकांत, मजकुरात वा चित्रात एखादा तरी कृष्णवर्णीय माणूस आढळला. कोणतीही घोषणा जे करू शकली नाही ते ह्या आकड्याने केले. त्याच सुमारास स्थापन झालेल्या आंतरवांशिक बालग्रंथ परिषदेने अप्रकाशित हस्तलिखितांची स्पर्धा सुरू केली. १९६८ साली ती वॉल्टर डीन मायर्स ह्या होतकरू लेखकाने जिंकली. पुढे त्याच स्पर्धेतून मिल्ड्रेड टेलर पुढे आल्या आणि १९७७ साली न्यूबेरी पदकाच्या मानकरी ठरल्या. छापलेल्या पुस्तकांतून निवडायचे ठरवले असते तर ह्या दोघांचा विचारच झाला नसता, कारण त्यांचे पुस्तकच तोवर छापले गेले नव्हते. वगळलेल्यांच्या पुरस्काराने केवळ उत्तम पुस्तक निवडून भागत नाही. नसलेले पुस्तक अस्तित्वात आणावे लागते.

१९६९ साली ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात ग्लिंडन ग्रीर आणि मेबल मॅकिसिक ह्या दोन शालेय ग्रंथपाल स्त्रिया बोलत उभ्या होत्या. विषय असा की न्यूबेरी पदक सुरू होऊन जवळजवळ पन्नास वर्षे झाली, तरी ते एकाही कृष्णवर्णीय लेखकाला मिळालेले नाही. जवळच असलेल्या जॉन कॅरोल नावाच्या प्रकाशकाने म्हटले, मग तुम्हीच एक पुरस्कार का सुरू करीत नाही? त्यांनी तो केला आणि कोरेटा स्कॉट किंग ह्यांचे नाव त्याला दिले. १९७० साली पहिला पुरस्कार लिली पॅटरसन ह्यांच्या मार्टिन लूथर किंगच्या चरित्राला मिळाला. ज्या संघाच्या अधिवेशनात ही कल्पना जन्मली त्या संघाने पुरस्काराला अधिकृत मान्यता दिली ती १९८२ साली. म्हणजे बारा वर्षे तो पुरस्कार स्वयंसेवकांच्या श्रमावर चालला. दरम्यान १९७५ साली व्हर्जिनिया हॅमिल्टन ह्यांना न्यूबेरी पदक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका. बाहेरून सुरू झालेल्या पुरस्काराला मान्यतेची वाट पाहावी लागली. काम मात्र मान्यतेसाठी थांबले नाही.

तिसरे उदाहरण अलीकडचे. २००६ साली अमेरिकेतच ‘सिबिल्स’ नावाचा बालसाहित्य पुरस्कार निघाला. तो कोणा अकादमीने वा प्रकाशकाने काढला नाही. मुलांच्या पुस्तकांविषयी हौसेने लिहिणारे शिक्षक, ग्रंथपाल, पालक एकत्र आले आणि बिनमोबदला परीक्षक झाले. त्यांची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. ऑक्टोबरात कोणीही, अगदी मुलानेही, प्रत्येक वाङ्मयप्रकारातून एक पुस्तक सुचवायचे. पहिल्या फेरीतल्या परीक्षकांनी सुचवलेल्या पुस्तकांचे वाचन करायचे आणि आपसांत वाद घालून पाच-सात पुस्तकांची यादी नववर्षाच्या पहिल्या दिवशी जाहीर करायची. दुसऱ्या फेरीत वेगळे परीक्षक. त्यांनी त्या यादीतली सर्व पुस्तके वाचून एकाची निवड करायची आणि फेब्रुवारीच्या मध्यावर ती सांगायची. कसोट्या दोन, आणि दोन्ही सारख्याच वजनाच्या : पुस्तक वाङ्मय म्हणून कसदार आहे काय, आणि मूल ते आपणहून वाचील काय? पहिली कसोटी नसेल तर बाजार जिंकतो. दुसरी नसेल तर उपदेश जिंकतो.

फ्रान्समध्ये १९८८ पासून मुलेच मत देतात असा एक पुरस्कार आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘न विकले जाणारे’ असा होतो, आणि हे विशेषण लेखकांना नसून वाचक मुलांना आहे. आपल्या वयोगटाच्या यादीतली सगळी पुस्तके वाचायची, स्वतःचे मत बनवायचे, आणि मगच मत टाकायचे, अशी हमी मुलाने द्यायची. लाखो मुले त्यात भाग घेतात. दहा वर्षांच्या मुलाला आपल्या मताला किंमत आहे आणि ते वाचल्याशिवाय देता येत नाही, हे एकाच वेळी शिकवणारा दुसरा नागरिकशास्त्राचा धडा मला ठाऊक नाही.

ह्या उदाहरणांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. पुरस्कार म्हणजे पैसा नव्हे, तर संघटित वाचन होय. ज्यांनी सगळे वाचले आहे, आपसांत भांडून एक निर्णय घेतला आहे आणि तो कारणांसह उघड सांगितला आहे, अशा माणसांचा शब्द वजनदार ठरतो. ते वजन रकमेतून येत नाही. उलट, देणारा हात एकच आणि सत्तेचा असला म्हणजे काय होते ते महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये पाहिले. कोबाड गांधींच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार शासनाने आदेश काढून काही दिवसांतच रद्द केला. परीक्षकांनी वाचले, निवडले. आणि एका कागदाने ते पुसले. वाचकांनी स्वतः चालवलेला पुरस्कार असा पुसता येत नाही, कारण तो कोणाच्या दप्तरात नसतो.

आता प्रश्न असा की बजाजनगरासारख्या ठिकाणी हे कसे शक्य आहे? मी हिशेब मांडतो. पहिल्या वर्षी तीस पुस्तके घेतली आणि एका पुस्तकाची सरासरी किंमत शंभर रुपये धरली, तर एका संचाला तीन हजार रुपये लागतात. दोन संच घेतले तर सहा हजार. जयंतीच्या मिरवणुकीत एका रात्रीच्या ध्वनिक्षेपकाला आपण ह्याहून अधिक मोजतो. प्रथम बुक्सने २०१५ पासून खुल्या परवान्याखाली उपलब्ध केलेल्या मराठी गोष्टी तर विनामूल्य छापून वाटता येतात. पुस्तके ठेवायला विहार आहे, समाजमंदिर आहे. वाचायला शिक्षक आहेत, पदवीचे विद्यार्थी आहेत, दुसऱ्या पाळीला जाण्यापूर्वी सकाळ मोकळी असलेले कामगार आहेत. नागसेनवन येथून दूर नाही. १९५० साली तेथे मिलिंद महाविद्यालय सुरू झाले ते आमच्यासारख्यांनी वाचावे म्हणूनच. ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे डॉ. गंगाधर पानतावणे ह्यांनी कार्यकर्त्यांच्या आणि वाचकांच्या बळावर वर्षानुवर्षे भरवले. लेखक आणि वाचक एका सतरंजीवर बसण्याची सवय आपल्याला आहे. त्या सतरंजीवर आता मुलांना बसवायचे आहे, एवढेच.

परीक्षकांनी कोणते प्रश्न विचारावेत? मला तीन सुचतात. पहिला भाषेचा : पुस्तकातली बोली ही हसण्याची वस्तू आहे की बोलण्याची? दुसरा श्रमाचा : ह्या गोष्टीत काम कोण करतो आणि त्याला नाव आहे काय? गरीब मूल केवळ दया दाखवण्यासाठी आणले आहे, की त्याला स्वतःची बुद्धी, खोडी आणि इच्छा आहे? तिसरा आनंदाचा : मुलाने ते पुस्तक पुन्हा मागितले काय?

ह्या तिसऱ्या प्रश्नाबाबत आपल्या कार्यकर्त्यांनी विशेष सावध राहावे अशी माझी विनंती आहे. ज्या पुस्तकात बाबासाहेबांचे नाव आहे ते चांगलेच, असे ठरवून टाकण्याचा मोह आपल्याला होईल. पण दलित मुलाला केवळ दुःखाच्या पुस्तकाचाच हक्क आहे काय? त्याला भुताची गोष्ट हवी, विनोद हवा, ग्रहताऱ्यांचे आणि यंत्रांचे पुस्तक हवे. ज्याचा बाप दिवसभर यंत्रावर उभा असतो त्या मुलाला ते यंत्र कसे चालते हे सांगणारे पुस्तक मिळाले, तर तेही मुक्तीचेच साहित्य होय. हैदराबादच्या ‘अन्वेषी’ संस्थेने २००८ साली ‘डिफरंट टेल्स’ ही पुस्तकमाला काढली. गोगू श्यामला ह्यांच्यासारख्या दलित लेखिकांनी तीत लिहिले, आणि तेलुगू, मल्याळम व इंग्रजीत ती निघाली. त्या गोष्टींतली दलित आणि मुसलमान मुले रडत बसलेली नाहीत. ती शेत राखतात, स्वयंपाकाचा वास घेतात, भांडतात, जिंकतात. अशी माला मराठीत, आमच्या बोलींत का निघू नये?

आक्षेप येतील. कोणी म्हणेल, आपल्याच माणसांच्या पुस्तकांना आपण पुरस्कार द्यायचा, म्हणजे ही कंपूशाहीच झाली. ह्याचे उत्तर नियमांत आहे. ज्याचे वा ज्याच्या नातलगाचे पुस्तक यादीत आहे त्याने त्या वर्षी परीक्षक होऊ नये. दोन्ही फेऱ्यांचे परीक्षक वेगळे असावेत. पुस्तक कोणत्याही जातीच्या लेखकाचे चालावे. कसोटी पुस्तकाला लावायची, लेखकाच्या दाखल्याला नव्हे. निवड का केली आणि उरलेली का गळाली ह्याचे निवेदन छापावे. दुसरा आक्षेप असा येईल की मुलांना काय कळते? त्यांना मत द्यायला लावा आणि त्याचे कारण दोन ओळींत लिहायला लावा. मुलांना काय कळते ते त्या दोन ओळींत दिसेल. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तीस पुस्तकांत आमच्या मुलांचे जग दाखवणारी दोनच निघाली तर? तर तेच छापायचे. लॅरिकबाईंनी हेच केले. तीसांपैकी दोन हा आकडा आपल्या हातातला पुरावा असेल. आणि त्याच अंकात हस्तलिखिते मागवण्याचे आवाहन असेल. ज्या वर्षी योग्य पुस्तक सापडणार नाही त्या वर्षी पुरस्कार छापील पुस्तकाला न देता हस्तलिखिताला द्यावा, आणि पुरस्कार म्हणजे ते छापून देणे.

ह्या त्रैमासिकाच्या वाचकांत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, चळवळीत आयुष्य घालवलेली माणसे आहेत. त्यांच्यापुढे मी मोठी योजना ठेवीत नाही. प्रत्येकाने आपल्या वस्तीत पाच मुले आणि दहा पुस्तके घेऊन बसावे. कोणते पुस्तक पुन्हा मागितले गेले, कोणते उघडेच राहिले, कोणत्या पानावर मूल थांबले, हे वहीत टिपावे. ती वही म्हणजेच परीक्षकाचा पहिला अहवाल. पंचवीस वस्त्यांतून अशा पंचवीस वह्या जमल्या तर समारंभ नसेल, व्यासपीठ नसेल, तरी पुरस्कार सुरू झालेला असेल. आपल्या आधीच्या पिढीने पाठ्यपुस्तकात शिरण्यासाठी झगडा केला. मुलांनी आपणहून उघडायचे पुस्तक अजून दुसऱ्यांच्याच यादीतून येते. ती यादी लिहिण्याचे काम आता आपण हाती घेतले पाहिजे.